अण्णांच्या पोटातली किल्ली

अण्णांच्या लघवीतून रक्त जायला लागलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे प्रकरण वार्षिक सभेच्या आत निकालात निघेल का.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सचिवालयातून निवृत्त झालेले, आणि बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या संस्थेचे अध्यक्ष. ही मंडळी इथे सोळाशे कितीतरी सालापासूनची. आपला मूळपुरुष मराठी फौजेबरोबर सेनापतीच्या घोड्याचा लगाम धरून आला, असं प्रत्येक घरात सांगतात. सगळ्यांचं खरं मानलं तर त्या एका घोड्याला निदान दोनशे माणसांनी धरलेलं असणार, आणि तो बंगळूरपर्यंत पोचलाच कसा, हे कोणी सांगत नाही. तीनशे वर्षांत आमच्या मराठीत कानडी बरीच मुरली होती. ‘जरा’च्या जागी ‘स्वल्प’, थोरल्यांना अण्णा, थोरल्या बायकांना अक्का. अण्णांच्या पत्नीलाही आम्ही पुतणे अक्काच म्हणायचो.

मी त्या काळात, म्हणजे साठ सालानंतरच्या दोन-चार वर्षांत, एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि संस्थेचा मानद ग्रंथपाल होतो. संस्थेकडे पुस्तकांचं एकच कपाट होतं. शिसवी, राजवाड्यातून भेट आलेलं, त्याला साजेसं भलंमोठं कुलूप असलेलं. त्याची किल्ली नऊ वर्षांपूर्वी एका निवडणुकीच्या गोंधळात हरवल्याचं अण्णांनी जाहीर केलं होतं. कुलूप फोडायचं तर ठराव हवा, ठराव मांडायचा तर अध्यक्षांची परवानगी हवी, आणि राजवाड्याच्या कुलपावर हातोडा चालवायची परवानगी आपल्या हयातीत मिळणार नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं. त्यामुळे नऊ वर्षं मी एका बंद कपाटाचा ग्रंथपाल होतो. कामाचा ताण असा काही नव्हता.

तर रक्त. सर्जननी दुर्बिणीची नळी घालून आत पाहिलं, मूत्राशयात गाठ दिसली, तिचा तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं, कॅन्सर. सर्जन मला आणि अक्काला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगायला लागले, तेवढ्यात अण्णा पडद्याआडून म्हणाले, “जे काय असेल ते लेखी द्या.”

सर्जननी लेखी दिलं. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, खिशात ठेवला, परत काढला आणि आपल्या नावापुढची पदवी राहून गेल्याचं निदर्शनास आणून दिलं.

“आता ती गाठ कुठवर गेलीय ते बघायचं,” सर्जन म्हणाले. “मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातच असेल, तर नळीतूनच जाळून टाकता येते. भिंतीत खोल शिरली असेल, तर मूत्राशय काढावं लागेल. मग लघवीसाठी पोटावर पिशवी. आणि भिंतीच्याही पलीकडे गेली असेल, तर...” इथे त्यांनी आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

परतताना आम्ही जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसलो. मिनर्व्हा चौकाच्या वळणावर अण्णा म्हणाले, “पिशवी लावून व्यासपीठावर बसायचं कसं?”

“शाल पांघरून,” अक्का म्हणाली.

“तीन तास?”

“तुम्ही भाषण स्वल्प आवरतं घ्या की.”

ती हे अगदी सहज म्हणाली, पण पदराचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

गाठ कुठवर गेली आहे हे कळण्यासाठी तेव्हा उपाय होता तो रंगाच्या एक्स-रेचा. म्हणायला रंग, असतं ते पाण्यासारखं आयोडीनचं औषध. दंडाच्या शिरेतून टोचलं की ते मूत्रपिंडांतून गाळून नळ्यांवाटे मूत्राशयात उतरतं आणि फिल्मवर पांढरं उमटतं. त्या पांढऱ्यात जिथे काळी खोबण दिसेल तिथे गाठ. गाठीनं नळीचं तोंड दाबलं असेल तर वरचं मूत्रपिंड फुगलेलं दिसतं, आणि मग ती खोल गेली असं समजायचं. मूत्राशय भरल्यावर एक फिल्म, रिकामं केल्यावर एक. भिंत कडक झाली असेल तर ती त्या जागी आक्रसत नाही. हे सगळं दिसायचं तर आतडी मोकळी हवीत, म्हणून आदल्या संध्याकाळी एरंडेल, आणि मग सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. अण्णांनी एरंडेल उभं राहून, कोटाची बटणं लावून घेतलं.

सकाळी ते फेट्यासकट तयार होते. जरीचा म्हैसुरी फेटा, लांब कोट, उपरणं.

“पोटाचा फोटो आहे अण्णा,” मी म्हटलं.

“म्हणून काय डोकं घरी ठेवून जायचं?”

एक्स-रे खोलीतला टेक्निशियन बिचारा किरकोळ अंगाचा कानडी माणूस होता आणि फेट्यापुढे वाकायची त्याला सवय होती. त्यानं इस्पितळाचा झगा दिला, मागून उघडा आणि नाडीनं बांधायचा. कोट गेला, उपरणं गेलं, धोतर गेलं. फेटा राहिला. फिल्म कमरेपुरतीच असल्यामुळे त्यानं हुज्जत घातली नाही. मग त्यानं नेमाप्रमाणे विचारलं, “अंगावर धातूचं काही आहे का, स्वामी?”

“मी काय लोहार आहे?” अण्णा म्हणाले.

टेक्निशियननं याचा अर्थ ‘नाही’ असा लिहून घेतला.

औषध टोचण्याआधी एक साधी फिल्म काढतात, तयारी नीट झाली आहे की नाही ते बघायला. ती काढून टेक्निशियन अंधाऱ्या खोलीत गेला. मी बाहेर व्हरांड्यात आलो, तर तिथे संस्थेचे कार्यवाह चार सभासदांना घेऊन हजर. हातात हार आणि इकडच्या रीतीप्रमाणे लिंबू. कार्यवाह हे अण्णांचे जुने विरोधक. दर निवडणुकीत पडायचे आणि दर निवडणुकीनंतर अण्णांना हार घालायचे.

“काय ग्रंथपाल,” ते म्हणाले, “अध्यक्षांची प्रकृती कशी आहे? आम्ही शुभेच्छांचा ठराव करून आलोय.”

“अण्णा टेबलावर आहेत.”

“वा! तिथेही टेबलाच्या वरच.”

एवढ्यात मला आतून बोलावणं आलं. एक्स-रे विभागाच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. चाळिशीच्या, जाड चष्मा, बोलणं कमी आणि कानडीत. मी ते इथे मराठीत देतो. दिव्याच्या पेटीवर त्यांनी ओली, ठिबकणारी फिल्म लावली होती.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

पाठीचा कणा होता, खुब्याची हाडं होती. कमरेभोवती कडी-कडीची एक साखळी होती. आणि तिच्या खाली, ओटीपोटाच्या बरोब्बर मधोमध, चार बोटं लांबीची एक किल्ली होती. किल्लीच्या डोक्यावर गंडभेरुंड, राजवाड्याचा तो दोन तोंडांचा पक्षी, दोन्ही चोची मोजता येतील इतका स्वच्छ. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकांची वाट पाहिली आहे, पण ती या दिशेनं येतील असं कधी वाटलं नव्हतं.

“ही आमच्या कपाटाची किल्ली आहे,” मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काही सांगणार, तेवढ्यात माझ्या खांद्यामागून कार्यवाहांचा आवाज आला. औषध टोचण्याआधी हार घालून टाकावा म्हणून ते आत शिरले होते.

“ही तर आपली किल्ली! अण्णासाहेबांच्या पोटात?”

“अहो, तसं नाही...”

पण ते बाहेर पोचलेसुद्धा. दार पातळ होतं, सगळं ऐकू येत होतं.

“अण्णासाहेबांनी किल्ली गिळलीय!”

“काय सांगता? कधी?”

“निवडणुकीच्या दिवशीच, दुसरं कधी? नऊ वर्षं!”

“तरीच त्या दिवशी जेवले नाहीत ते. मी म्हटलंही होतं.”

“पण एवढी मोठी किल्ली घशातून जाईल का हो?”

“तुम्ही-आम्ही गिळली तर नाही जाणार. अण्णासाहेबांनी एकदा घेतलेली वस्तू सोडलीय कधी?”

यावर थोडी शांतता पसरली. त्यात कौतुक होतं, हे मला दारातूनही कळलं. त्याच दिवशी दुपारी चिक्कपेटेच्या बाजारात ही बातमी पसरली, आणि पुढे पाच-सहा वर्षं मला अनोळखी माणसं थांबवून विचारायची, की गंजली होती का.

आत अण्णा टेबलावर उताणे, फेटा घालून, छताकडे बघत पडले होते. बाईंनी झगा बाजूला केला. करगोटा होता. चांदीचा, जुना, आणि त्याला ती किल्ली. आमच्याकडे पुरुषांनी करगोट्याला किल्ल्या अडकवायची रीत फार जुनी आहे. तिजोरीची, देवघराची, ज्याची-त्याची. अण्णांनी मात्र ही अडकवली नव्हती. आंघोळीच्या वेळी कोणी काढून घेऊ नये म्हणून सोनाराकडून डाग देऊन कडीला जोडूनच घेतली होती.

“वर सरकवा,” बाई म्हणाल्या.

टेक्निशियननं सरकवून पाहिलं. करगोटा अण्णांच्या लग्नाच्या वेळी केलेला. नंतरच्या चाळीस वर्षांचं पोट त्याच्या हिशेबात नव्हतं. तो वर जाईना, आणि पोटाच्या वळीत रुतल्यामुळे बाजूलाही फिरेना. खाली ओढला तर खुब्यांवर अडला.

“मग कापावा लागेल.”

“शक्य नाही,” अण्णा म्हणाले.

“का?”

“करगोटा जिवंत माणसाचा काढत नाहीत. सरणावर ठेवायच्या आधी तोडतात.”

बाईंना हे माहीत नसायचं कारण नव्हतं; कानडी घरांतही हीच चाल आहे. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि अण्णांच्या डोक्याशी बसल्या.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “सर्जननी गाठ जिथे पाहिली, नेमकी त्यावर तुमची किल्ली येते. मी औषध टोचीन, फिल्म काढीन, आणि मला किल्ली दिसेल. गाठ किती, भिंत कशी, काही सांगता येणार नाही. मग सर्जनना अंदाजानं कापावं लागेल. अंदाजानं कापायचं म्हणजे सगळंच काढायचं.”

अण्णांनी हात खाली नेऊन किल्ली चाचपली. मग म्हणाले, “पण बाई, तो मेल्यावर तोडतात हो.”

आवाज अध्यक्षांचा नव्हता. सगळं लेखी मागणारा माणूस आठवडाभर कसा झोपला असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

मी अक्काला आत बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, किल्लीकडे पाहिलं (तिला ती नवी नव्हती, हे उघड होतं) आणि टेक्निशियनला विचारलं, “तुमच्या त्या यंत्रात चिंधी दिसते का?”

“चिंधी नाही दिसत, अम्मा. कापड काहीच दिसत नाही.”

“मग बँडेजची हातभर पट्टी दे. आधी हा नवा बांधते, मग तो जुना काप. म्हणजे कंबर एक क्षणसुद्धा मोकळी राहायची नाही.”

अण्णांनी विचार केला. यात नियमाचा भंग कुठे होतो हे ते शोधत असावेत. “पांढरा?” ते शेवटी म्हणाले. “पांढरा करगोटा कुठे असतो? एक चांदीचा, नाहीतर काळा.”

अक्कानं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. “तुझं ते शाईचं पेन आण इकडे.”

मी पेन उघडून सगळी शाई त्या पट्टीवर ओतली. कॉलेजच्या पोरांचे पेपर तपासायचे राहिले होते, त्या दिवशी ते सुटले.

“ही निळी आहे,” अण्णा मान उंचावून म्हणाले.

“काळीच आहे. ओली आहे म्हणून तशी दिसतेय.”

“अगं, निळी आहे.”

“अहो, पोटाखाली काय आहे ते तुम्हाला दहा वर्षं दिसलं नाहीय. मी सांगते ना, काळी आहे.”

तिनं पट्टी कमरेभोवती फिरवली, तीन गाठी मारल्या, हात जोडले आणि टेक्निशियनला म्हणाली, “हं. काप बाबा आता.” तो शेजारच्या खोलीतून प्लास्टर कापायची कात्री घेऊन आला. त्यानं आधी अण्णांच्या पायांना हात लावला. अण्णांनी डोळे मिटले. कट्ट आवाज झाला.

थोड्या वेळानं अण्णांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. छत जागेवर होतं, आम्ही जागेवर होतो, आणि कोणी रडत नव्हतं. “चालू द्या,” ते म्हणाले.

पुढचं काम भराभर झालं. बाईंनी औषध टोचलं. अण्णांनी आतून ऊन-ऊन वाटत असल्याचं आणि तोंडाला तांब्याच्या भांड्याची चव आल्याचं सगळ्यांना कळवलं. पाच मिनिटांनी फिल्म, पंधरा मिनिटांनी फिल्म. बाई प्रत्येक ओली फिल्म पेटीवर लावून बघायच्या आणि बोलायच्या काहीच नाहीत. मी त्यांच्या मानेकडे बघून अंदाज बांधायचा प्रयत्न केला. मानेवरून काही कळत नाही. मग मूत्राशय भरल्यावर एक. मग त्या म्हणाल्या, “आता लघवी करून या. रिकाम्याची एक फिल्म. तीच महत्त्वाची आहे, आणि वेळ लावू नका. वरून औषध उतरतंच आहे, मूत्राशय पुन्हा भरेल.”

संडास व्हरांड्याच्या पार टोकाला होता. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना संस्था बसली होती, आणि झगा मागून उघडा होता. अण्णांनी दाराच्या फटीतून एकदा बाहेर पाहिलं आणि दार लावून घेतलं.

“जाणार नाही.”

टेक्निशियननं बाटली आणून दिली आणि पडदा ओढला. आम्ही भिंतीकडे तोंडं करून उभे राहिलो. बाहेर किल्ली शस्त्रक्रियेनं काढायची की वाट बघायची, यावर मतं पडत होती. एकानं सूचना मांडली, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं.

“होत नाही,” पडद्यामागून आवाज आला. “सभा चालू असताना मला कधीच होत नाही. इतक्या वर्षांची सवय आहे.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अक्कानं टेबलावरचा तुटका करगोटा उचलला, किल्लीसकट, आणि दार उघडून बाहेर गेली.

कार्यवाह उठून उभे राहिले. त्यांचे डोळे किल्लीवरच होते. “बाहेर आली?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“आली.”

“कशी?”

“कशी ते तुम्हाला कशाला हवं? घ्या, आणि आत्ताच्या आत्ता जाऊन कपाट उघडा. सगळे जा. नाहीतर त्यांचं मन बदलेल.”

कार्यवाहांनी खिशातला रुमाल काढला, किल्ली त्यात घेतली आणि दोन बोटांत, अंगापासून शक्य तितकी लांब धरून ते निघाले. चौघे मागोमाग. हार आणि लिंबू बाकावरच राहिले. कपाटात काय निघालं तेही सांगून टाकतो, कारण मला ते अजून सलतं. कथा-कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, कोश, सगळं वाळवीनं खाऊन भुगा केलं होतं. शाबूत होत्या त्या फक्त अण्णांच्या अध्यक्षीय भाषणांच्या दीडशे प्रती. वाळवीलाही काही आवडनिवड असते.

व्हरांडा रिकामा झाला आणि अण्णा निघाले. पुढे फेटा, मध्ये अण्णा, मागे झग्याची दोन टोकं मुठीत आवळून धरलेला मी. त्यांनी घाई केली नाही. वाटेत एक परिचारिका ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली, तिला त्यांनी मान लववून नमस्कारसुद्धा केला. निळी शाई त्यांच्या मांडीवरून ओघळून पोटरीपर्यंत आली होती.

संडासाचं दार लागलं. मी बाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकत होतो. कुणाच्या लघवीचा आवाज मी इतक्या कान देऊन त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

शेवटची फिल्म निघाली. बाईंनी ती आधीच्या फिल्मशेजारी लावली आणि मला आणि अक्काला जवळ बोलावलं. अण्णा आतल्या खोलीत टेबलावरच होते. एका फिल्मवर मूत्राशय दुधी भोपळ्यासारखं पांढरं, टम्म भरलेलं. बाईंनी पेन्सिलीचं टोक डाव्या बाजूला टेकवलं. तिथे एक बारीक काळी खोबण होती, अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्याएवढी.

“ही गाठ. आता ही रिकाम्याची बघा. सगळीकडून सारखंच आक्रसलंय, इथेसुद्धा. भिंत मऊ आहे. आणि वर दोन्ही नळ्या मोकळ्या, मूत्रपिंडं फुगलेली नाहीत.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “सर्जन भूल देऊन हातानं चाचपतील, तेव्हा नक्की होईल. पण माझ्या मते वरवरची आहे. नळीतूनच जाळता येईल. पिशवीबिशवी नाही.”

अक्का फिल्मजवळ सरकली. “परत दाखवा.”

बाईंनी परत पेन्सिल टेकवली.

“एवढीच?”

“एवढीच.”

“याच्यामागे काही लपलेलं नाही ना? मघा किल्ली होती तसं?”

“काही नाही, अक्का,” बाई म्हणाल्या. त्या अक्काला अक्का म्हणाल्या, हे माझ्या ध्यानात राहिलं.

व्हरांड्यात पुढचा पेशंट खोकत होता. बाई त्याचा कागद घेऊन निघाल्या, पण जाताना त्यांनी पेटीचा दिवा मालवला नाही. अक्का त्या उजेडात उभीच राहिली, एकदा ही फिल्म, एकदा ती. चेहरा तिचा मला दिसत नव्हता. खांदे हलत होते, पण हसण्यानं की कशानं ते सांगता येणार नाही, आवाज नव्हता.

“काय ठरलं?” आतून अण्णांनी विचारलं.

अक्कानं पदरानं नाक पुसलं.

“राहताय तुम्ही,” ती म्हणाली.